आमच्या घरातल्या वातावरणाबद्दल: सोलापुरातल्या मुख्याध्यापकांना आणि वक्तृत्व स्पर्धांच्या परीक्षकांना खुले पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक, स्पर्धांचे आयोजक आणि परीक्षक,

सप्रेम नमस्कार.

मी एकतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. दुसऱ्याच्या मराठीतल्या चुका शोधायच्या आणि त्यावर लाल शाईने खुणा करायच्या, यावर माझं घर चाललं. अजूनही लग्नपत्रिका हातात आली की आधी 'आशीर्वाद' बरोबर छापलाय का ते बघतो, मग तारीख. हे सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून 'या म्हाताऱ्याला शुद्ध मराठीचं वावडं दिसतंय' असं कुणाला वाटायला नको.

आमच्या घरची भाषा तेलुगू. आजोबा मिलमध्ये काम मिळतंय हे ऐकून तेलंगणातून इथं आले. १८७७ साली सुरू झालेली ती मिल, जिला सगळं गाव जुनी मिल म्हणतं. वडील मागावर होते, आई विड्या वळायची. बायकोही आमच्याच पद्मशाली या विणकर समाजातली, पण तिचं लहानपण कन्नड बोलणाऱ्यांच्या वाड्यात गेलं, त्यामुळे ती स्वयंपाक तेलुगूत करते, हिशेब मराठीत करते आणि भांडते मात्र कन्नडमध्ये. नात तिला अव्वा म्हणते.

ही नात सहावीत आहे. गेल्या महिन्यात तिनं एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला. विषय होता 'माझे शहर'. बाकीची मुलं तलाव, भुईकोट किल्ला आणि चादर यांवर बोलली. हिनं अव्वावर बोलायचं ठरवलं. भाषणात एक वाक्य असं होतं: 'मी शाळेतून घरी येते तेव्हा अव्वा दारातूनच विचारते, "काय करलालीस गं इतका वेळ? जेवलीस का?"' गुणपत्रिका घरी आली. आशय २० पैकी १७. सादरीकरण २० पैकी १८. भाषा व उच्चारशुद्धी २० पैकी ६. खाली शेरा: 'बोलीचा प्रभाव जास्त. घरातील वातावरणाकडे लक्ष द्यावे.'

चार दिवसांनी तिच्या शाळेनं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'टाळावयाचे शब्द' अशी यादी पाठवली. बे, लई, हाय, न्हाय, नक्को, काय की, येलालो, जालालो, करलालो वगैरे. एका शब्दाला पाच रुपये दंड. वर्गात डबा ठेवलाय. कोण काय बोललं याची नोंद मॉनिटर ठेवतो.

त्याच आठवड्यात संध्याकाळी आभाळ भरून आलं. अव्वा आतून ओरडली, "पाऊस येलालाय, वाळवण काढ." नात म्हणाली, "येलालाय नाही, येतोय. अव्वा, पाच रुपये टाक." आम्ही सगळे हसलो. अव्वाही हसली. पण त्यानंतर दोन-तीन दिवस ती नातीशी बोलताना अडखळत होती, हे माझ्या लक्षात आलं. एकसष्ट वर्षांची बाई स्वतःच्या घरात शब्द तपासून बोलत होती. म्हणून हे पत्र.

स्पर्धेचं, शाळेचं, परीक्षकांचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की बाकीचे सुटतात. अशा गुणपत्रिका आणि अशा याद्या एकाच ठिकाणच्या नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली सरळ नियमाची. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे लेखननियम मी उशाशी घेऊन झोपलेलो आहे. त्यात लेखनात 'असे केले' लिहावे असं सांगितलंय, पण पात्राच्या तोंडचं बोलणं दाखवायचं असेल तर 'असं केलं' ही बोलण्यातली रूपं लिहायची मुभा त्याच नियमांनी दिली आहे. म्हणजे ज्यांनी नियम केले त्यांनाही कळत होतं की माणूस बोलतो एक आणि लिहितो एक. माझ्या नातीचं वाक्य अवतरणात होतं. ते अव्वाचं होतं, तिचं नव्हतं. अव्वानं पुण्याच्या मराठीत विचारलं असतं तर ते भाषण खोटं झालं असतं. तुम्ही कापलेत ते गुण खरं बोलल्याबद्दल कापलेत.

दुसरी तक्रार 'अशुद्ध' या शब्दाबद्दल आहे, आणि इथं मला जरा वेळ द्या, कारण हे माझ्या धंद्याचं आहे.

'येलालो' ही चूक नाही. चुकीला नियम नसतो, हिला आहे. मी येलालो, तू येलालास, तो येलालाय, तुम्ही येलालाव. सोलापुरातलं चार वर्षांचं पोरही यात गफलत करत नाही. आणि अर्थ बघा. 'मी रोज येतो' आणि 'मी आत्ता वाटेवर आहे' यांत फरक आहे. पुस्तकी मराठीला तो दाखवायला 'येत आहे' असे दोन शब्द लागतात, आमच्या गल्लीचं काम एकात भागतं. 'यायला लागलो' हे शब्द घाईत दहा वेळा म्हणून पाहा, तोंडात काय शिल्लक राहतं ते ऐका. व्युत्पत्ती तीच असावी असा माझा अंदाज आहे, पैज लावणार नाही. पण रूप नीट घडलेलं आहे एवढं नक्की.

दुसरं उदाहरण. 'तो येतो म्हणून म्हणाला.' अशी वाक्यं निबंधाच्या वह्यांत लाल रेघेखाली जातात. मीही ओढलेल्या आहेत. माझी आई तेलुगूत अगदी हेच म्हणायची, 'वस्तानु अनि चेप्पाडु.' तिथं जे 'अनि' करतं तेच इथं 'म्हणून' करतं. कन्नडमध्येही ते आहे. आणि 'आम्ही' व 'आपण' यांतला भेद? 'आम्ही जेवायला चाललो' म्हटलं तर समोरच्यानं घरी जावं. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं तर हात धुवावेत. हिंदीच्या 'हम'ला हे जमत नाही. तेलुगूत ते 'मेमु' आणि 'मनमु' म्हणून रोजच्या वापरात आहे. मराठीनं ही सवय दक्षिणेच्या शेजारातून उचलली असं बरेच भाषाभ्यासक मानतात. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्दही त्याच शेजारातले. मग जुना उसना माल शुद्ध आणि आमच्या आईनं आणलेला अशुद्ध, हे कोणत्या तराजूत मोजलं? पंढरपूरच्या विठ्ठलाचा दाखला मी देणार नाही, तो सगळेच देतात. पण आपल्या शहराचं ग्रामदैवत म्हणजे बाराव्या शतकात कन्नडमध्ये वचनं लिहिणारे सिद्धरामेश्वर, एवढं त्यांच्या गड्डा जत्रेच्या गर्दीतून घरी जाताना आठवत जावं.

ही भानगड एकट्या सोलापूरची नाही. एका प्राध्यापकांच्या भाषाविज्ञानाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासताना मला कुपवाडबद्दल कळलं. सांगली जिल्ह्यातलं, आपल्यापासून चार-पाच तासांवरचं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी तिथल्या बोलण्याचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. गावात कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे लोक पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिलेले. त्यांच्या वाक्यांची ठेवण इतकी जवळ आली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. शब्द मात्र प्रत्येकानं आपापले राखले, कारण घरात कोणते शब्द बोलायचे यावर आपण कोण हे ठरत होतं. व्याकरण वाटून घेतलं, शब्द जपले. हे वाचून मी खुर्चीतच हसलो होतो. आमच्या वाड्यात हेच चालू होतं आणि आम्ही त्याला 'आमची मराठी कच्ची' म्हणत होतो.

त्याच पुस्तकात न्यूयॉर्कची गोष्ट होती. विल्यम लबॉव्ह नावाचे अभ्यासक १९६२ साली तिथल्या तीन दुकानांत फिरले: एक श्रीमंतांचं, एक मध्यम, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठं आहे असं ते नोकरांना विचारायचे, म्हणजे उत्तरात 'फोर्थ फ्लोअर' येणारच. ऐकू आलं नाही असं दाखवून तेच पुन्हा म्हणायला लावायचे. महागड्या दुकानातल्या नोकरांच्या तोंडी 'र' जास्त, स्वस्त दुकानात कमी. म्हणजे न्यूयॉर्कात 'र' म्हणणं प्रतिष्ठेचं. आणि लंडनच्या प्रतिष्ठित इंग्रजीत नेमका तोच 'र' गिळतात! आता सांगा, 'र' शुद्ध की अशुद्ध? आपल्याकडे 'ण'चं तेच आहे. कुणी 'पानी' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात बोलणाऱ्याची जात, गाव आणि बापाचा धंदा यांचा हिशेब सुरू होतो. पाण्याला त्यानं काही होत नाही.

तिसरी तक्रार 'घरातील वातावरण' या दोन शब्दांबद्दल. आमच्या घरातलं वातावरण तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. आई हजार विड्या वळून कारखान्यात न्यायची. तिथं तपासणारा एखादी जुडी उचलायचा, बोटानं दाबून बघायचा आणि बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणायचे. छाटीची मजुरी नाही. पान तिचं, हात तिचे, मान मोडून बसलेले तास तिचे. आणि छाट कशाला म्हणायचं हे ठरवणार तो. तुमच्या गुणपत्रिकेतला तो २० पैकी ६ चा आकडा बघितल्यावर मला पहिली आठवण त्या माणसाच्या बोटांची झाली.

पण तुम्हाला बोलण्याआधी मला स्वतःचं एक सांगायला हवं. मीही छाट काढलेली आहे.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. विडी कामगार बायकांचा मोर्चा होता. आमच्या बातमीदारानं एका बाईचं म्हणणं जसंच्या तसं लिहून आणलं होतं: 'आम्ही उपाशी मरलालाव.' मुद्रित माझ्या टेबलावर आलं. मी लाल शाईनं ते खोडलं आणि वर लिहिलं: 'आमची उपासमार होत आहे.' दुसऱ्या दिवशी ती बाई अंक घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं, मुलानं वाचून दाखवलं होतं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे कोन बोललंय? मी न्हाय." मी तिला समजावलं की अर्थ तोच आहे. ती म्हणाली, "तुमचा असंल." आणि गेली. ती तेलुगूत विचारेल या भीतीनं मी मराठीतच बोलत राहिलो होतो, माझी आई त्याच कामात असताना. तेव्हा 'घरातील वातावरण' मी स्वतःच दाराबाहेर ठेवून नोकरीवर जात होतो. माझ्यावर कुणी दंड बसवला नव्हता, गरजच पडली नाही.

चौथी तक्रार डब्याची. २००९चा शिक्षण हक्क कायदा कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतो. कलम २९ म्हणतं की मूल भीतीपासून, दडपणापासून मोकळं असावं आणि शक्य असेल तिथवर शिकवण्याचं माध्यम त्याची मातृभाषा असावी. मातृभाषेचा शब्द तोंडातून निघाला म्हणून पाच रुपये, आणि ते मोजायला शेजारच्या बाकावरचा मित्र! राज्यघटनेत ३५० क हे कलम १९५६ साली घातलं गेलं, त्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करायला सांगितलंय. ती सोय किती झाली हा वेगळा विषय. निदान दंड तरी नको. रक्कम छोटी आहे असं कुणी म्हणू नये. डब्यात पैसे कुणाचे जमतात ते महिनाभर बघा. नवी पेठेतल्या डॉक्टरच्या मुलाचे जमणार नाहीत.

पाचवी तक्रार नाही, एक शंका आहे, जी मला पालकही विचारतात: "काका, पोरं उद्या पुण्याला नोकरीला गेली की लोक हसतात. तेव्हा काय?" हसतात, खरं आहे. माझा मुलगा पुण्यात आहे. हुतात्मा एक्स्प्रेसनं येताना तो मला फोन करतो. दौंडपर्यंत 'बाबा, येतोय', कुर्डुवाडी सुटली की 'येलालो बे, चटणी काढून ठेव'. बापाला बे म्हणतो, ते एक असो. त्याला दोन्ही येतं आणि कुठं काय बोलायचं तेही कळतं. हे त्याला दंडाच्या डब्यानं शिकवलं नाही. त्याच्या एका शिक्षिकेनं फळ्यावर दोन रकाने केले होते, 'घरचं' आणि 'पुस्तकातलं', आणि मुलांकडूनच ते भरून घेतले होते. मुलं डावीकडचा रकाना भरायला धावायची, मग उजवीकडचा शोधायला लागायचं. त्या बाई आता निवृत्त आहेत. त्यांचं नाव सांगितलेलं त्यांना आवडणार नाही.

आणि ज्या गाडीनं तो येतो तिचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते आठवा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. नुसती नावं वाचली तरी कळतं की चार घरांत आई एकाच पद्धतीनं हाक मारत नसणार. दर जानेवारीत तुम्ही त्यांच्या पुतळ्यांसमोर मुलांना भाषणं करायला लावता. त्याच भाषणांचे गुण उच्चारावरून कापता.

अमेरिकेत ॲन आर्बर इथं काही काळ्या मुलांच्या पालकांनी हा प्रश्न न्यायालयात नेला होता. न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी १९७९ साली शाळाखात्याला सांगितलं की मुलांच्या घरच्या भाषेची दखल घेऊन प्रमाण इंग्रजी कसं वाचायला शिकवायचं, याची योजना आखा आणि आधी शिक्षकांना तयार करा. आपल्याला न्यायालयापर्यंत जायची गरज पडू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रमाण मराठी शिकवू नका असं मी म्हणत नाही. उलट नीट शिकवा. अर्ज, उत्तरपत्रिका, बातमी, कोर्टाचा कागद यांना ती लागते, आणि विडी कामगाराच्या मुलीला ती डॉक्टरच्या मुलापेक्षा जास्त लागते. पण ती अंगावर घालायची आहे, कातडी सोलून नव्हे.

माझ्या मागण्या अशा:

'टाळावयाचे शब्द' ही यादी आणि दंडाचा डबा या महिनाअखेरपर्यंत बंद करावा. जमलेले पैसे ज्यांचे त्यांना परत द्यावेत. नोंद मॉनिटरकडे आहेच.

वक्तृत्वाच्या गुणपत्रिकेतला 'भाषा व उच्चारशुद्धी' हा रकाना काढून तिथं 'स्पष्टता' ठेवावी. शेवटच्या ओळीतल्या माणसाला शब्द ऐकू आला का, एवढंच बघावं. भाषणात कुणाचं बोलणं अवतरणात आलं तर त्याचे गुण कापू नयेत.

मुलाच्या घराबद्दल कोणताही शेरा लिहू नये. भाषेबद्दल काही सांगायचं असेल तर कोणता शब्द, कोणत्या जागी, त्याऐवजी काय, हे सांगावं. मुद्रितशोधक एवढं करतो, शिक्षकाला जड जाऊ नये.

स्पर्धेआधी परीक्षकांची तासभर बैठक घ्यावी. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलेलं आहे, ध्वनिमुद्रणांसकट. त्यातली दहा मिनिटं परीक्षकांना ऐकवावीत. आपल्या विद्यापीठातल्या भाषेच्या प्राध्यापकांना बोलवावं. आणि कुणीच आलं नाही तर मी येतो, मानधन नको.

शेवटची मागणी मुलांसाठी. सहावी-सातवीच्या मुलांना सुट्टीत एक वही द्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून वीस शब्द लिहून आणायचे, अर्थासकट. मागावरचे, विडीचे, शेतातले, स्वयंपाकघरातले; तेलुगू, कन्नड, दखनी, मराठी, जे असतील ते. आमच्याच घरात माझ्या मुलाला तेलुगू समजतं पण बोलता येत नाही, आणि नातीला मोजकेच शब्द माहीत आहेत. त्या वहीला गुण द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

पुढच्या स्पर्धेचं पत्रक आलं आहे. नातीला विचारलं तर ती म्हणाली, "अव्वावर बोलायचं असेल तर जाणार नाही, दुसरं काही असेल तर जाईन." नाव नोंदवायची मुदत तीस तारखेपर्यंत आहे. तोपर्यंत तुमचं उत्तर आलं तर तिला दाखवीन.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
साखर पेठ, सोलापूर

ता. क. पत्रात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली तर जरूर कळवा. तेवढी माझीच.